दुखलं तर हात वर करा

कप पडला तेव्हा तो माझ्याच हातात होता, हे मला आधी पटेचना. ऑफिसच्या चहाच्या कोपऱ्यात, नळापाशी, मी तो विसळला, उजव्या हाताने फळीवर ठेवायला उचलला आणि फळीशी पोचायच्या आत तो जमिनीवर फुटून पडलेला होता. निसटला म्हणावं तर निसटताना काही जाणवलं नव्हतं. हात आहे, कप आहे, आणि मग नुसता हात आहे, एवढंच. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण केरसुणी घेऊन आली आणि म्हणाली, "जाऊ दे गं, ऑफिसचाच होता. तुझा असता तर दोघी मिळून रडलो असतो." मी हसले. वेळेवर हसण्यात मी वाकबगार आहे. पण हसता हसता अंगठा तर्जनीवर घासून पाहिला तर मधे कुणी कापूस ठेवलाय असं वाटलं. जरा वेळाने कापूस गेला, बोटं पुन्हा माझी झाली, टेबलाशी येऊन पेन्सिल उचलली, ती काही पडली नाही. दुसरं कुणी असतं तर हे विसरून संध्याकाळची भाजी घेऊन घरी गेलं असतं. मी मात्र ती पेन्सिल पुन्हा पुन्हा उचलून बघत राहिले, कारण आईचंही कपापासूनच सुरू झालं होतं.

त्यातून माझं काम असं, की भित्र्या माणसाने ते करू नये. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला जो पातळ कागद असतो, जो उघडल्यावर पुन्हा तसाच घडी करता येत नाही म्हणून लोक फेकून देतात, तो मी वाचते. छापायला जाण्याआधी, अक्षर न् अक्षर. मळमळ, चक्कर, तोंडाला कोरड, क्वचित हातापायांना कंप. क्वचित हा माझा सगळ्यात नावडता शब्द. 'नेहमी' म्हटलं की माणूस तयारीत राहतो, 'कधीच नाही' म्हटलं की झोपतो. 'क्वचित' म्हटलं की माझ्यासारखी बाई तो शब्द पर्समध्ये घालून घरी आणते. नवरा म्हणतो, तू औषध न घेताच त्याचे सगळे परिणाम भोगतेस. त्या दुपारी माझ्यासमोर कसल्याशा गोळ्यांचा कागद होता आणि त्यातल्या कंप या शब्दावर मी इतका वेळ पेन्सिल टेकवून बसले, की तिथे काळा ठिपका झाला आणि तो मलाच चूक म्हणून खोडावा लागला.

आई शिवणकाम करायची. समोरच्या खोलीत तिचं मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे ताग्यावर तागे, आणि तिच्या हातातली ती मोठी कात्री, जिला आम्हा भावंडांना बोट लावायची परवानगी नव्हती. एके दिवशी तिच्या हातून कप पडला. ती म्हणाली, "हातच विसरला गं धरायला." आम्ही हसलो, किती दिवस घरात तो विनोद चालला. मग एका दुपारी ती पेपर मांडीवर घेऊन बसली होती, पंखा बंद होता, खिडकीही बंद होती, आणि पेपर फडफडत होता. आईने पेपर बाजूला ठेवला आणि उजवा हात मांडीखाली दाबून त्यावर बसली. पुढची सगळी वर्षं मला ती अशीच आठवते, एका हातावर बसलेली, पाहुण्यांशी गप्पा मारणारी, आणि पाहुण्यांचं लक्ष कुठे आहे ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून तपासणारी. शेवटी शेवटी तिला भरवताना मी चमचा धरायचे आणि माझ्या हाताकडे बघायचे. किती शांत आहे म्हणून. तेव्हापासून मी त्याच्यावर नजर ठेवून आहे, खरं सांगायचं तर कप फुटायच्या आधीपासून मी त्याच्या फुटण्याची वाट बघत होते.

घरी गेल्यावर नवऱ्याला काही सांगितलं नाही. आमच्याकडे चहा तो करतो, निवृत्त झाल्यापासून ती त्याची जहागीर आहे. त्याने कप पुढे केला तर नेहमीसारखा अर्धा. हे त्याचं हल्लीच सुरू झालेलं खूळ. मी म्हटलं, "अरे, दारात आलेल्या माणसालासुद्धा कुणी असा अर्धा कप देत नाही."

"गरम प्यावा म्हणून. संपला की अजून घे, थर्मासमध्ये आहे."

"एकदाच भरून दिलास तर काय बिघडेल?"

"गार होतो," एवढं बोलून तो खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेला. माणूस घरी बसला की असा होतो, असं मनाशी म्हणत मी तो अर्धा चहा प्यायले, डाव्या हाताने. नाहीतर यावरून आमचं चांगलं वाजलं असतं, पण त्या दिवशी माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. डोक्यात एकच होतं. रविवार. रविवारी बागेत आमच्या मंडळाचं प्रात्यक्षिक होतं, आणि तिथे या हाताने मला घण मारायचा होता, काकांच्या हातापासून वीतभर अंतरावर.

मंडळ म्हणजे लोहारकाम मंडळ. ऐकणाऱ्याला वाटतं मी थट्टा करते आहे. पाणीपुरवठ्याच्या जुन्या आवारात एक पत्र्याची शेड आहे, तिथे सुटीच्या दिवशी आम्ही काही माणसं जमतो, भट्टी पेटवतो आणि लोखंड ठोकतो. खरा लोहार आमच्यात एकही नाही. होता तो आम्हाला शिकवून वारला, आणि त्याची ऐरण, सांडश्या आणि शिव्या आमच्याकडे राहिल्या. आता मंडळ चालवतात ते काका दातांचे डॉक्टर होते. दवाखाना बंद केला आणि महिन्याभरात शेडमध्ये आले, म्हणाले, आयुष्यभर तोंडात हात घालून बारीक काम केलं, आता मोकळ्यावर दांडगं करायचंय. गणिताच्या एक मास्तरीणबाई भाता सांभाळतात आणि लोकांना समजावून सांगतात, कारण आमच्यात न लाजता मोठ्याने बोलता येतं ते त्यांनाच. आणि मी. आई गेली त्यानंतर एकदा बागेतून चालले होते, आवाज आला म्हणून थांबले, आणि तांबडं लोखंड ऐरणीवर कणकेसारखं दबताना बघून, का कोण जाणे, घळाघळा रडले. पुढच्या रविवारी शेडमध्ये गेले. माझं ऑफिसचं काम कळल्यावर काकांनी माझं नाव तळटीप ठेवलं, ते कायमचं.

मी घण मारते. यात एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. काकांच्या डाव्या हातात सांडशी, सांडशीत तापलेलं लोखंड, उजव्या हातात छोटी हातोडी. समोर मी, दोन्ही हातांत लांब दांड्याचा घण. काका हातोडीने जिथे टक् करतील तिथे मी धाड् करायचं. टक्, धाड्, टक्, धाड्. हातोडी सरकली की घण सरकला. हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं. तोंडाने एक शब्द नाही, कारण त्या आवाजात ऐकू येत नाही आणि बोलत बसलं तर लोखंड काळं पडतं. काका फक्त लोखंडाकडे बघतात, मी फक्त काकांच्या हातोडीकडे. एकमेकांकडे कुणी बघायचं नाही. मला ते फार आवडतं. दिवसभर लोक माझ्याकडे बघत असतात असं मला वाटत असतं. इथे एक माणूस माझ्या घणाखाली आपला हात देऊन बसतो आणि वर मान करून माझं तोंडसुद्धा बघत नाही. सुरुवात करताना काका न चुकता एकच वाक्य म्हणतात, दवाखान्यातली सवय, "दुखलं तर हात वर करा." यावर मंडळाने हसायचं असतं. दोन्ही हातांत घण असलेल्या बाईने हात वर करायचा कसा, हा त्यातला विनोद.

उन्हाळ्यात एकदा माझा घण कडेवर बसला होता. लोखंड उसळलं, सांडशी काकांच्या मुठीत फिरली आणि काहीतरी गरम त्यांच्या कानाजवळून गेलं. काही लागलं नाही. काका म्हणाले, "लोखंडच वाकडं निघालं," आणि मास्तरीणबाईंनी सरबत काढलं. तेवढ्यावर संपलं. माझ्यापुरतं संपलं नाही, पण माझं असं संपत कधी नसतंच. तेव्हापासून मी घण फार जपून मारू लागले. पूर्वी तो उचलला की पुढचं तोच बघायचा. आता मी त्याला जागेपर्यंत पोचवायला जायचे, एखाद्या लहान मुलाला शाळेच्या दारापर्यंत सोडावं तशी. नेम कधी चुकला नाही. फक्त सोमवारी पेन जड वाटायचं, आणि कधी पहाटे हात उशीखाली बधिर होऊन मला जाग यायची. मग मी अंधारात तो डोळ्यांसमोर धरायचे आणि थरथरतोय का ते बघायचे, आणि अंधारात काय दिसणार.

शनिवारी मी दिवसभर न सांगण्याची तयारी केली. सांगायचं तर काय, की काका, मला भीती वाटते? त्यांनी लगेच घण दुसऱ्याकडे दिला असता, फार गोड बोलून दिला असता, आणि पुढच्या रविवारपासून मी भात्यापाशी बसले असते. मग माझ्याकडे जपून बघितलं गेलं असतं. आईकडे लोक बघायचे तसं. न सांगावं तर काकांचा हात आहे. इतक्या लोकांच्या दाढा ज्याने न दुखवता काढल्या तो हात, आणि माझी बोटं कप धरायला विसरतात. रात्री मी ठरवलं की जाऊ नये, सकाळी ठरवलं की जाऊन सांगावं, आणि बागेच्या फाटकाशी पोचले तेव्हा काकांनी लांबूनच हाक मारली, "या तळटीप, तुमच्याविना पान अडलंय," आणि मी घण उचलला. नवराही आला होता. तो कधी येत नाही, म्हणतो त्याचे कान आधीच गेलेत. आज आला होता थर्मास घेऊन, आणि सगळ्यांच्या पुढे गवतावर जाऊन बसला.

बागेच्या त्या फाटकाचीच बिजागरी आम्ही करणार होतो. जुनी मोडली होती, फाटक कित्येक दिवस तारेने बांधलेलं होतं, येणारा जाणारा त्याला उचलून सरकवायचा. लोकांसमोर बिजागरी करायची, लोकांसमोर बसवायची, असं मास्तरीणबाईंचं डोकं. त्या सांगत होत्या की जाड पट्टी लांबवायला एका माणसाचं बळ पुरत नाही, म्हणून दोघं लागतात. माणसं गोल करून उभी होती. भट्टीची धग तोंडावर येत होती आणि माझी पाठ गार होती. काका म्हणाले, "दुखलं तर हात वर करा," सगळे हसले, सांडशी भट्टीतून बाहेर आली, लोखंड पिवळं होतं, हातोडी पडली. टक्. मी मारलं. टक्. मी मारलं. छान बसत होते घाव. पट्टी लांबत होती, वरचे पापुद्रे उडत होते, कुणीतरी वा म्हणालं. पुन्हा भट्टी, पुन्हा ऐरण, आणि दुसऱ्या खेपेला मधेच कापूस आला. आधी अंगठ्यात, मग तर्जनीत, मग पुढचा हात दांड्यावर आहे की नाही तेच कळेना. डोळ्यांना दिसत होता म्हणून होता. हातोडी टक् म्हणाली. मी मारलं, कुठे कोण जाणे, बसला बरोबर. हातोडी पुन्हा टक् म्हणाली आणि घण वर असताना मला एकदम काकांचा डावा हात दिसला, मनगटावर पांढरे केस, त्यावर राखेचा एक कण, आणि त्या हाताला काहीच ठाऊक नव्हतं. आई आपल्या हातावर बसून राहिली, पाहुण्यांना काही कळू दिलं नाही, त्यात कुणाचं बिघडलं नाही. माझ्या हाताखाली दुसऱ्याचा हात होता. मी घण मागे नेऊन जमिनीवर टेकवला आणि डावा हात वर केला.

रीत अशी, की घणवाल्याने आपणहून थांबायचं नसतं. काकांची हातोडी पुढच्या जागी टक् करून वाट बघत राहिली. धाड् आला नाही तेव्हा त्यांनी मान वर केली, इतक्या वर्षांत काम चालू असताना पहिल्यांदा. माझा हात वर होता, वर्गात उत्तर येत असल्यासारखा. लोक हसले, त्यांना तो विनोदाचाच पुढचा भाग वाटला. काका हसले नाहीत. दवाखान्यात हात वर झाला की त्यांचं यंत्र तिथेच बंद व्हायचं, विचार नंतर, तसंच झालं. लोखंड भट्टीत गेलं, मास्तरीणबाईंना त्यांनी नुसती मान हलवली आणि बाई लगेच लोखंडाचे रंग कसे ओळखायचे ते सांगायला लागल्या. काका ऐरणीला वळसा घालून माझ्याजवळ आले.

"कुठे?" त्यांनी हळूच विचारलं.

"हातात. उजव्या." आणि मग एकदम सगळंच बाहेर आलं. "काका, आईला होतं ते मला सुरू झालंय. हातून कप पडतात. मी आज यायलाच नको होतं. तुमचा हात..."

"माझ्या हाताचं नंतर बघू. आईला काय व्हायचं?"

"हात थरथरायचा."

"कधी? काम करताना?"

"नाही. नुसता मांडीवर असताना. कात्री हातात घेतली की थांबायचा. कापड सरळ कापायची ती, अगदी शिवणकाम सोडेपर्यंत."

"आणि तुझा? नुसता असताना थरथरतो?"

एवढी वर्षं मी त्या हातावर पाळत ठेवून होते. अंधारात, बसमध्ये, ऑफिसात कागदावर पालथा ठेवून. तो कधी थरथरला होता? मुंग्या यायच्या. बधिर व्हायचा. हातातलं पडायचं. जड व्हायचा. थरथरला एकदाही नव्हता. आईची कात्री मला तोंडपाठ होती, माझा हात तोंडपाठ होता, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघावं हे शब्द न् शब्द ताडून बघण्याचा पगार घेणाऱ्या मला सुचलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं. "मुंग्या येतात."

"घण धर बघू. मारतेस तसा."

मी धरला. काका वाकून बघत राहिले, दाढेत बघावं तसे, मान तिरकी करून. मग त्यांनी माझा पुढचा हात उचलला आणि अंगठ्याच्या वरच्या पेरावर बोट ठेवलं. तिथे घट्टा होता. "हा इथे काय करतोय? घट्टा तळहाताला पडतो. अंगठा दांड्यावर आडवा ठेवून दाबतेस तू? कधीपासून?"

"नेम धरायला," मी म्हटलं. "उन्हाळ्यापासून. ते लोखंड उसळलं ना तुमच्या कानाजवळून, तेव्हापासून."

"आणि मूठ?"

"घट्ट. तुम्हाला लागू नये म्हणून."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला, कपाळाला काजळी लागली. "अगं बाई. धाड् झाला की तो सगळा हादरा तुझ्या अंगठ्यात. इतके महिने. आपल्या लोहार म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अंगठा वर ठेवेल त्याला चमचा धरता येणार नाही. आणि मी समोर बसून कधी बघितलंच नाही. मी आपला लोखंडाकडे बघतोय."

"मग ते आईसारखं नाही?"

"मी दातांचा डॉक्टर. उद्या नसांच्या डॉक्टरकडे जा, तो सांगेल ते खरं. पण माझ्या डोळ्यांना ही बोटं आजारी नाही दिसत, दमलेली दिसतात. तुझ्या काळजीने दमवलंयस तू त्यांना." मग त्यांनी माझा अंगठा आपल्या हाताने उचलून दांड्याखाली नेला, बोटांना मिळवला आणि मूठ इतकी सैल केली की दांडा आत हलायला लागला. "असा. पाखरू धरल्यासारखा. दोनचार घाव मार आणि घण बाईंकडे दे. आणि नेम धरू नकोस. जागा मी दाखवतोय ना?"

लोखंड आलं. टक्. सैल मुठीने घण उचलताना वाटलं हा सुटून लोकांत जाणार, कुणाच्या तरी डोक्यात बसणार. तो सुटला नाही. वर जाऊन आपणच फिरला, आपणच खाली आला, हातोडीने दाखवलेल्या जागी बसला आणि बसून उलट वर उसळला, मला उचलायलाही लागला नाही. धाड्. दांडा मुठीत नाचला, अंगठ्याला काही कळलंच नाही. टक्. धाड्. काकांच्या पांढऱ्या केसांवरचा राखेचा कण उडाला. मला हसू यायला लागलं, ते वेळेवरचं नव्हतं, पोटातून येत होतं, आणि लोकांना ते दिसत होतं. उन्हाळ्यापासून मी त्यांच्या हाताची राखण करत होते, आणि त्यांना त्या राखणीची काही गरज नव्हती. मी बाजूला झाले. मास्तरीणबाईंनी ओढणी कमरेला बांधून घण घेतला आणि मुलांना पाढे म्हणायला लावावेत तशी पट्टी मुकाट्याने लांबायला लावली.

बिजागरी गार होऊन फाटकावर चढेपर्यंत मी गवतावर नवऱ्याशेजारी बसले होते. जीव भांड्यात पडणे म्हणजे काय ते मला अंगभर कळत होतं; कान हलके झाले होते, भूक लागली होती. पुढच्या आठवड्यात नसांच्या डॉक्टरने सुया लावून हात तपासला आणि काकांचंच म्हणणं मोठ्या शब्दांत सांगितलं, शिवाय मनगटाला रात्री बांधायची पट्टी दिली. पण ते सगळं मग. गवतावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. कप, पेपर, अंगठा, सगळं. आडवंतिडवं सांगितलं. मी सांगून थांबले तरी तो फाटकाकडेच बघत होता, तिथे काका गुडघ्यावर बसून खिळा ठोकत होते.

"घरातला फुटलेला निळा कप तू गुपचूप कचऱ्यात टाकलास," तो मग म्हणाला. "सिंकखालच्या डब्यात. मी बघितला. त्याच्या आधी पितळी झाकण पडलं होतं तुझ्या हातून, तू म्हणालीस मांजर." त्याने थर्मास जवळ ओढला. "तुझी आई डोळ्यांसमोर आली माझ्या. भरलेला दिला आणि सांडला, तर तुला कळेल असं वाटलं. म्हणून."

निळा कप ओला होता म्हणून निसटला, असं मी तेव्हा स्वतःला पटवलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. माझा अर्धा कप. इतक्या दिवसांचे सगळे अर्धे कप, सकाळचे, संध्याकाळचे, आणि मी त्याला चिक्कू म्हटलेलं. आम्ही दोघं एकाच खोलीत, एकाच भीतीसमोर बसलो होतो आणि एकमेकांना ती दिसू नये म्हणून जपत होतो. "आज म्हणून आलास होय?" मी विचारलं. "आज घण होता ना," तो म्हणाला. मला त्याचा इतका राग आला आणि इतकं भरून आलं, की मी त्याच्या दंडावर एक गुद्दा मारला, उजव्या हाताने, अंगठा बाहेर ठेवून. त्याने हात चोळला आणि हसला.

मग त्याने थर्मास उघडला. झाकणाचा पेला गवतावर ठेवला आणि ओतायला लागला. अर्ध्यावर आला तेव्हा सवयीने त्याचं मनगट थबकलं, मला दिसलं. त्याने थर्मास पुन्हा वाकवला आणि हळूहळू ओतत राहिला, पेला काठोकाठ भरेपर्यंत. समोर कुणीतरी फाटक ढकललं, ते कुणीही न उचलता गेलं आणि परत आलं. मी उजवा हात पुढे केला, पेला सैल धरला आणि उचलला. तोंडाशी नेताना थोडा चहा बोटांवर सांडला. चांगलाच गरम होता, आणि सगळ्या बोटांना भाजला.